तरतूद : येरझारा घालणारा शब्द

पनवेल परिसरातल्या एका शाळेत बसलो होतो. पावसाळा तोंडावर आला होता आणि मुख्याध्यापिका बाईंशी बोलता बोलता एका वर्गाच्या गळक्या छपराचा विषय निघाला. बाई शांतपणे म्हणाल्या, "तरतूद आहे, निधी नाही." हे वाक्य त्यांचे एकटीचे नव्हे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही सरकारी शाळेत, वर्षाच्या कोणत्याही महिन्यात ते ऐकू येते. मला मात्र ते कोडे घालून गेले. तरतूद म्हणजे आधी करून ठेवलेली सोय. मग सोय आहे आणि पैसा नाही, हे एका श्वासात कसे बोलता येते? बोलणाऱ्याला त्यात विसंगती वाटत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही. अशा वेळी शब्दाच्या पोटात काहीतरी जुने दडलेले असते. त्याच्या मागे जावेसे वाटले.

'तरतूद' कानाला अगदी देशी वाटतो. 'तरणे' या धातूशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो. संकटातून तरून जाण्यासाठी केलेली योजना ती तरतूद, असे म्हटले तर अर्थही छान बसतो. पण मग शेवटचा 'तूद' हातात राहतो आणि त्याची वाट संस्कृतात सापडत नाही. वाट आहे ती अरबीतून फारसीत आणि फारसीतून दप्तरी मराठीत. मूळ शब्द 'तरद्दुद' असावा. त्यातला जोड 'द्द' मराठी जिभेवर सुटला आणि मधला 'द' कठोर होऊन 'त' झाला. असे मराठीत दुसरीकडेही घडलेले दिसते. अरबी 'मदद' आपल्याकडे 'मदत' झाली. तिथे शेवटचा 'द' बदलला, इथे मधला. तरतूद आणि मदत हे दोन शब्द रूपाने असे शेजारी निघावेत, याचा मला आनंद वाटतो.

आता 'तरद्दुद'चा अर्थ पाहू. अरबीत शब्द तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभे राहतात. इथला सांगाडा र-द-द, आणि त्याचा मूळ भाव परतवणे, मागे फिरवणे. याच सांगाड्याला अरबी व्याकरणातल्या पाचव्या गणाचा साचा लावला की क्रिया स्वतःवर उलटते आणि वारंवार घडू लागते. म्हणजे 'तरद्दुद' हे पुन्हापुन्हा जाणे आणि परत येणे. आपण ज्याला येरझारा म्हणतो, तेच. पुढे ही येरझार पायांची न राहता मनाची झाली. करू की नको, जाऊ की थांबू अशी घालमेल, काळजी. उर्दूत 'तरद्दुद' आजही याच अर्थाने येतो. हिंदुस्थानातल्या फारसीत त्याला आणखी एक वळण मिळाले. काळजीतून खटपट आली, खटपटीतून मेहनत, आणि मोगलांच्या महसुली भाषेत तर जमीन कसण्याच्या उद्योगालाच तरद्दुद म्हणू लागले. शेतकऱ्याच्या बांधावरच्या खेपा आणि त्याच्या जिवाची काळजी या दोन्ही गोष्टी त्या एका शब्दात मावल्या असाव्यात. मराठीने त्यातला शेवटचा टप्पा उचलला. काळजीपोटी खटपट करून जे आधीच जमवून ठेवले, ती तरतूद.

काळजीपासून सोयीपर्यंतचा हा प्रवास आपल्याला परका वाटू नये. 'काळजी' हा आपला घरचा शब्द काळजातून निघाला. 'मला काळजी वाटते' म्हणताना तो जिवाचा घोर असतो आणि 'मुलाची काळजी घे' म्हणताना तोच शब्द जपणूक होतो. वाटणारी काळजी घेतली की जपणूक, आणि जिवाला लागलेला तरद्दुद 'केला' की तरतूद. क्रियापदाकडे लक्ष असू द्यावे. त्याच्याकडे शेवटी पुन्हा यायचे आहे.

र-द-द या घरातली बाकीची भावंडे मराठीत शोधली तेव्हा तर मी थक्कच झालो. पहिले 'रद्द', म्हणजे परत पाठवलेले, नाकारलेले. दुसरे 'रद्दी', नाकारून बाजूला टाकलेला कागद. तिसरे 'रदबदली', म्हणजे मुळात 'रद्द-ओ-बदल', इकडचे तिकडे आणि तिकडचे इकडे. दोन पक्षांच्या मध्ये उभे राहून कुणासाठी शब्द टाकणे हा आपला अर्थ त्यातूनच आला असावा. आणि चौथे 'तरतूद'. शाळेच्या पैशाची साऱ्या वर्षाची कहाणी या चार भावंडांत सांगून होते. एप्रिलमध्ये तरतूद होते, दिवाळीनंतर तिच्यासाठी रदबदली सुरू होते, मार्चअखेर ती रद्द होते आणि तिची कागदपत्रे यथावकाश रद्दीत जातात. हे व्युत्पत्तीने सिद्ध होत नाही, हे मला कळते. पण भाषेने ही चार भावंडे एकाच दप्तरात आणून ठेवली आहेत, हे खरे.

शब्दाची येरझार पाहिल्यावर पनवेलच्या शाळांची येरझार आठवते. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, महाराष्ट्रातल्या सर्वात जुन्यांपैकी एक म्हणून सांगतात. त्या वेळी पनवेल ठाणे जिल्ह्यात होते. १८६३ च्या सुमारास मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा जादा घेण्याची पद्धत सुरू झाली आणि १८६९ च्या कायद्याने ती पक्की झाली. त्या आण्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणाला, बाकीचा रस्ते वगैरे कामांना. आण्याच्या पै बारा, म्हणजे रुपयामागे चार पै शाळेच्या. हाच तो लोकल फंड, हाच तो 'सेस'.

हा सेस इंग्रजीतून आला आणि जिल्हा परिषदेच्या बोलीत असा मुरला की आजही शाळेला बाके मिळाली तर शिक्षक 'सेस फंडातून मिळाली' असे म्हणतात. इंग्रजीत 'अ‍ॅसेस' या क्रियापदाचे डोके उडून हा शब्द उरला. 'अ‍ॅसेस'चे मूळ लॅटिन, अर्थ 'शेजारी बसणे'. न्यायाधीशाच्या शेजारी बसून कुणी किती द्यायचे हे ठरवणारा माणूस त्यात आहे. बसणे हा अर्थ देणारा लॅटिन धातू आणि आपला संस्कृत 'सद्' हे एकाच आदिम धातूचे अंकुर मानले जातात. 'सद्' पासून सदन, सदस्य, संसद, आणि 'परि' म्हणजे भोवती घेऊन 'परिषद्', भोवती बसलेल्यांची. म्हणजे सेस आणि परिषद एका कुळातले निघाले. एक शेजारी बसून पैसे ठरवतो, दुसरी भोवती बसून ते वाटते. जिल्हा परिषदेचा सेस फंड म्हणताना आपण हजारो वर्षांपूर्वी फारकत झालेल्या दोन चुलत भावंडांना एका पंक्तीला बसवतो.

पण या पंक्तीत वाद पहिल्यापासून होता. सेस द्यायचा तो कुळवाडी शेतकऱ्याने. शहरातली घरे जमीनमहसूल देत नव्हती, म्हणून तिथून सेस येत नव्हता, पण शहरातल्या शाळांवर सेसचा पैसा खर्च होत होता. १८८२ साली महात्मा फुल्यांनी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सेसमधला प्राथमिक शाळांचा वाटा वाढवावा, मोठ्या शहरांच्या नगरपालिकांनी आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा खर्च स्वतः उचलावा, मात्र शाळांचा सगळा कारभार त्यांच्या हाती सोपवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. शाळेचा खर्च गावाने करायचा की शहराने, आणि जो पैसा देईल त्याची सत्ता किती, हे दोन्ही प्रश्न त्यात आले. आज महापालिका आणि जिल्हा परिषद यांच्यात हेच दोन प्रश्न बोलले जातात.

पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, पनवेल तालुका ठाण्यातून कुलाबा जिल्ह्यात गेला. १८८४ मध्ये लोकल बोर्डांचे आणि नगरपालिकांचे कायदे झाले आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे जाऊ लागल्या. 'बोर्ड' हा मुळात फळी किंवा मेज. मेजाभोवती बसणाऱ्यांनाही पुढे तेच नाव पडले. आपण त्याचे 'मंडळ' केले, म्हणजे फळीचे वर्तुळ केले. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने स्कूल बोर्डे आली, १९४७ च्या कायद्याने त्यांची घडी नव्याने बसली आणि मोठ्या शहरांची 'शिक्षण मंडळे' लोकांच्या तोंडी रुळली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण शाळा त्यांच्याकडे गेल्या. २०१३ मध्ये शिक्षण मंडळे मोडीत निघाली. दरम्यान कुलाब्याचा रायगड झाला. खेड्यातली इमारत तीच राहिली. आजोबा तिला 'बोर्डाची शाळा' म्हणत, बाप 'झेडपीची शाळा' म्हणतो, नातू कदाचित 'पालिकेची शाळा' म्हणेल.

शिक्षण मंडळ आणि पालिका यांच्यातले नाते पैशाचे होते. मंडळाने अंदाजपत्रक करायचे, पालिकेने मंजूर करायचे. या दोन शब्दांशी जरा थांबू. 'अंदाज' फारसीतला, 'अंदाख्तन' म्हणजे फेकणे या क्रियापदाचा. तिरंदाज तीर फेकतो, गोलंदाज एकेकाळी तोफेचा गोळा फेकी आणि आता चेंडू फेकतो. पण जुन्या इराणी भाषेत याच क्रियापदाला मोजणे, आखणे असाही अर्थ होता. तिथून अरबीने 'हंदसा' म्हणजे भूमिती घेतली आणि 'मुहंदिस' म्हणजे इंजिनिअर. नेम धरून फेकणे आणि माप घेऊन आखणे ही त्या प्राचीन मनाला एकच क्रिया वाटली असावी. मग अंदाजपत्रकात माप किती आणि फेक किती, हे ते करणाऱ्याच्या नजरेवर राहिले. 'मंजूर'मध्ये तर नजरच आहे. अरबी 'नजर'चे हे कर्मणी रूप, शब्दशः अर्थ 'पाहिलेले'. फायलीवर अधिकारी आजही 'पाहिले' असा शेरा लिहितात, तो 'मंजूर'चा नकळत झालेला शब्दशः अनुवादच म्हणायचा. फक्त आता 'पाहिले' म्हणजे 'मंजूर' राहिलेले नाही.

'अर्थसंकल्प' हा मागाहूनचा शब्द. 'महापौर' हा सावरकरांनी दिलेला शब्द प्रसिद्धच आहे, 'नगरपालिका' आणि 'अर्थसंकल्प' हेही त्यांच्याच नावावर सांगतात. आज राज्याचा तो अर्थसंकल्प आणि पालिकेचे ते अंदाजपत्रक, असा ढोबळ भेद वापरात दिसतो. मुंबई महापालिकेत मात्र शिक्षणाचा वेगळा अर्थसंकल्प 'ई' असतो. संकल्प हा पूजेच्या आरंभीचा. स्थळकाळ सांगून, हातात पाणी घेऊन, मी हे करीन असे म्हणून ते पाणी सोडायचे. त्या पाण्याने माणूस बांधला जातो. लौकिक मराठीत 'पाणी सोडणे' याचा अर्थ मात्र आशा सोडणे असा झाला. इंग्रजी 'बजेट' त्या मानाने साधे, जुन्या फ्रेंचमधली चामड्याची लहान थैली. आपल्याकडेही थैली राखणारा होताच. पोतदार आणि पोतनीस ही आडनावे त्याची. फारसी 'फोता' म्हणजे थैली, त्यातला वसूल, आणि तो सांभाळणारा फोतेदार. थैली जुनी, संकल्प नवा. शाळेला दोन्ही लागतात.

शिक्षकांच्या तोंडी आणखी एक शब्द सदैव असतो, 'ग्रँट'. ग्रँट आली का, शाळा ग्रँटवर आहे का. मराठी 'अनुदान' म्हणजे मागून दिलेले दान, किंवा कुणाच्या दानाला जोडून दिलेले. शाळेने स्वतः काही उभे केले की सरकारने त्याला जोड द्यायची, ही जुनी पद्धत त्या 'अनु'मध्ये जिवंत आहे. पण ग्रँटचे मूळ अधिक मोलाचे आहे. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून, विश्वास ठेवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापर्यंत जातो. आणि ते लॅटिन क्रियापद व आपली वैदिक 'श्रद्धा' हे एकाच आदिम समासाचे दोन उच्चार आहेत, हे तुलनात्मक भाषाशास्त्राच्या अत्यंत भक्कम जोड्यांपैकी एक. हृदय तिथे ठेवणे, असा त्या समासाचा अर्थ लावतात. म्हणजे ग्रँट ही मुळात श्रद्धेची बहीण. देणाऱ्याने घेणाऱ्यावर ठेवलेला विश्वास. ज्या शिक्षकाला दर वर्षी हिशेब, दाखले आणि फोटो जोडून ग्रँट मागावी लागते, त्याला ही बातमी अवश्य सांगावी.

पनवेलला १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली. रायगड जिल्ह्यातली ही पहिली. जुन्या नगरपालिकेबरोबर सिडकोच्या वसाहती आणि २९ गावे तिच्यात आली. खारघर, ओवे, पेंधर, रोहिंजण, धानसर ही गावे शहरात आली, पण त्यांच्यातल्या शाळा त्या दिवशी आपोआप आल्या नाहीत. त्या अलिबागला, रायगड जिल्हा परिषदेकडे राहिल्या. त्यांचे 'हस्तांतर' हा वर्षानुवर्षे चर्चेचा विषय झाला. हस्तांतर म्हणजे दुसरा हात. पण 'अंतर' या शब्दाला संस्कृतात दोन अर्थ आहेत. देशांतर, रूपांतर यांतला 'दुसरा' आणि दोन वस्तूंमधली 'फट'. इमारत कुणाच्या नावावर, जागा कुणाची, शिक्षक कुणाचे, त्यांच्या पगाराचा किती वाटा शासनाचा आणि किती पालिकेचा, हे ठरेपर्यंत हस्तांतरातला दुसरा हात पुढे येत नाही आणि दोन हातांमधली फट तेवढी राहते. घरपट्टी मागायला पालिका दारात आलेली, शाळेची फाईल मात्र पेण, वडखळ करत अलिबागला निघालेली. हा अक्षरशः तरद्दुद, जाणे आणि परत येणे. पालिका वाईट किंवा परिषद वाईट असे यात मला म्हणायचे नाही. जिच्याकडे कर आला तिच्याकडे शाळा नव्हत्या आणि जिच्याकडे शाळा राहिल्या तिच्या हद्दीतला कर गेला, ही अडचण खरी होती. मालमत्ता कराच्या बिलावर 'शिक्षण कर' अशी एक ओळ असते. पालिका तो वसूल करते, पण भरायचा असतो राज्याच्या तिजोरीत. बिल पाहणाऱ्या पनवेलकराला वाटते की आपण शेजारच्या शाळेला पैसे दिले. ते पैसेही येरझारेवर निघालेले असतात.

कचेरीच्या मराठीत पैसा पाठवण्याला 'निधी वर्ग करणे' म्हणतात. हा 'वर्ग' मला फार आवडतो. संस्कृतात त्याचे मूळ वेगळे काढणे, बाजूला करणे या अर्थाच्या 'वृज्' धातूत सांगतात. बाजूला काढलेला गट तो वर्ग. तेच गणितातले वर्ग आणि वर्गमूळ, तीच महापालिकांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी, आणि तीच मुलांची बसण्याची खोली. एका खात्यातून बाजूला काढून दुसऱ्यात ठेवले की रक्कम वर्ग झाली. त्या रकमेवर छप्पर शाकारले की वर्ग भरला. एकाच शब्दाची ही दोन टोके, आणि त्यांच्या मधले अंतर म्हणजे आपली स्थानिक कारभाराची सारी कहाणी. 'शाळा' या शब्दातही असे टोक आहे. पाठशाळा आणि टंकशाला यांचा पाठीचा कणा एकच, 'शाला'. टंकशालेची टांकसाळ झाली. नाणे पडते ती शाळा आणि माणूस घडतो तीही शाळा.

आता बाईंच्या वाक्याकडे परत येऊ. "तरतूद आहे, निधी नाही." निधी म्हणजे 'नि' आणि 'धा', खाली ठेवलेले, हाताला लागेल असे. जलनिधीतले पाणी दिसते, हात घातला की ओंजळ भरते. तरतुदीत अजून काही ठेवलेले नसते. ती अजून चालत असते, जाते, परत येते. त्यामुळे बाईंचे वाक्य व्युत्पत्तीने अगदी शुद्ध आहे. चूक झाली ती क्रियापदात. आपण 'तरतूद करणे' ऐवजी 'तरतूद आहे' म्हणू लागलो. कागदावर आकडा लिहिला की तरतूद 'असते', मग कुणाला काही करायचे उरत नाही. तरद्दुद ही कुणाच्या तरी पायांची आणि जिवाची गोष्ट होती. ती 'करायची' असते, नुसती 'असत' नाही.

मार्चअखेरीस न खर्चलेल्या पैशाला कचेरीत 'अखर्चित' म्हणतात, नंतर 'व्यपगत' म्हणतात. शाळेत साध्या मराठीत म्हणतात, "पैसे परत गेले." हे तीन शब्द अरबीत सांगायचे तर एकच पुरे, 'रद्द'. रद्द आणि तरतूद यांचा धातू एकच, व्यंजने तीच. मग दोघांत फरक कशाचा? व्याकरणाच्या हिशेबाने एवढाच, की रद्द म्हणजे एकदा परत फिरवणे आणि तरद्दुद म्हणजे पुन्हापुन्हा जात राहणे. एका खेपेवर थांबले तर रद्द, खेपा चालू ठेवल्या तर तरतूद.

म्हणून वाचकाला एक विनंती. आपल्या गावातली शाळा पालिकेची असो की जिल्हा परिषदेची, तिच्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीला एकदा जाऊन बसावे. 'परिषद'चा अर्थ भोवती बसणे हाच आहे. आणि कुणी म्हणाले की छपरासाठी तरतूद आहे, तर एवढेच विचारावे : ती कोण करतो आहे?